अकरा खुणा

विश्राम यंत्राच्या खोलीतून बाहेर आला आणि हेमांगीशेजारी बाकावर टेकला. "डोकं कसं हलकं झालंय," तो म्हणाला. "जा, आता तुझा नंबर."

वीस वर्षं रोजच्या आठवणी डोक्याऐवजी त्यांच्यातच साठवून नवराबायकोच्या कानामागच्या स्मृतिचकत्या भरल्या होत्या. आता त्या आटवून नुसतं सार ठेवायचं होतं. खूण केलेले दिवस तेवढे जसेच्या तसे राहणार होते. काल जेवणाच्या टेबलावर बसून दोघांनी मिळून खुणा केल्या, तेव्हा दुर्वाच्या दिवसांवर विश्रामनेच आधी बोट ठेवलं होतं. त्यांची मुलगी अकराच दिवस जगली होती. एवढंसं काही सारात टिकत नाही.

"उद्या दुर्वाचा वाढदिवस," हेमांगी उठता उठता म्हणाली. "घरी गेल्यावर तिचं झबलं धुवायला काढू."

"कोण दुर्वा?" त्याने सहज विचारलं.

हेमांगी तडक आत गेली. "यांच्या खुणा गेल्यात. तुमच्याकडून काहीतरी चूक झालीय."

यंत्रावरच्या बाईंनी नोंद तिच्यापुढे धरली. सकाळी नऊ चाळीसला, खुर्चीत बसल्यावर, अकरा खुणा पुसल्या होत्या. पुसणारा विश्राम स्वतः.

"मी दोनदा विचारलं त्यांना," बाई खाली बघत म्हणाल्या. "बायकोला कळू देऊ नका म्हणाले."

हेमांगी ताडताड बाहेर आली. पण खुणा पुसल्याची आठवणही त्याच्यातून आटून गेली होती. तिचा चेहरा बघून विश्राम उठून उभा राहिला.

"रडतेस का? कोण काय बोललं तुला? नाव सांग, मी बघतो त्याच्याकडे."