फिल्टरची जुनी रिंग

"बाबा हल्ली विसरतात. आज एक चूक झाली, तर उद्यापासून त्यांनी ट्रॅक्टरला हात लावायचा नाही," दादाने धाकट्या बहिणीला बजावलं होतं. म्हणून ती डोळ्यांत तेल घालून पाहत होती. वडिलांनी ऑइल, रेडिएटरचं पाणी बदललं, नवा डिझेल फिल्टर आवळला, पंप दाबून हवाही काढली. जुनं इंजिन एका दमात सुरू झालं, पण फिल्टरमधून डिझेल ठिबकू लागलं. इंजिन बंद करून तिने झटकन फिल्टर सोडवला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर, फिल्टर बसतो त्या जागी, तशीच चिकटली होती. एकावर एक दोन रिंगा, गळणारच. तिने जुनी मुठीत लपवली. "काय झालं?" दादा दारातून ओरडला. "फिल्टर मीच नीट आवळला नव्हता," ती म्हणाली. "तरी म्हटलं, नसते उद्योग!" तो वळला. वडिलांनी तिची मूठ उघडली, रिंग पाहिली आणि हाक मारली, "थांब रे. मीच विसरलो."