दोरीवरची नजर

चहाच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे नावेतली शांतता मोडली. सकाळपासून कुणी बोललं नव्हतं. हिस्केने डोलकाठी आडवी करायला नकार दिला होता आणि सुकाणूवर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, येल्टेने, त्यावर नुसते खांदे उडवले होते.

काठी आडवी केली तर त्यांची ती जुनी सपाट नाव लेवार्डन शहरातल्या पुलाखालून सहज निघून जाते. उभी ठेवली तर पूल उघडावा लागतो. आणि पूल उघडायला पूलवाल्याला खोलीतून बाहेर यावं लागतं. पूलवाला म्हणजे हिस्केचे वडील, सीब्रन.

“जो माणूस दार उघडून तोंड फिरवतो, त्याच्या दारात दर वर्षी कशाला जायचं?” येल्टे शेवटी म्हणाला.

“पुढच्या वर्षी दारात कुणी नसेल म्हणून,” हिस्के म्हणाली.

खरंच होतं ते. येत्या हिवाळ्यात पुलाला यंत्र बसणार होतं. मग लांबच्या कुठल्याशा कचेरीत बसून, पडद्यावर बघून, कुणीतरी बटण दाबणार आणि सीब्रन घरी बसणार. घरी गेल्यावर त्यांनी दाराची कडी काढलीच नसती. पुलावर तरी त्यांना बाहेर यावंच लागे.

हिस्केचा धाकटा भाऊ डौवे याच कालव्यात बुडाला होता. सहा वर्षांचा. त्यामुळे हिस्केने नाववाल्याशी लग्न केलं ते बापाने कसंबसं गिळलं. पण दिवस गेलेले असताना ती नावेवरच राहणार म्हणाली, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले. पाण्यावर वाढणारं मूल मी डोळ्यांनी बघणार नाही, म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का. दर वसंतात नाव शहरात शिरे, पूल उघडे, पुलाचे पैसे घ्यायला गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट रिवाजाप्रमाणे खाली येई आणि म्हाताऱ्याची नजर त्या दोरीवरून हलत नसे. निंके कडेवर होती तेव्हाही. बोट धरून उभी राहिली तेव्हाही. आता ती डौवेच्या वयाची झाली होती. नावेच्या टोकाशी अनवाणी उभं राहून बुटात नाणं टाकायचा मान तिचा असे.

यंदा नाणं टाकायचं नाही, असं हिस्केने तिला बजावून ठेवलं होतं.

कालव्याच्या दोन्ही काठांना लोक कोट न काढताच उन्हाला बसले होते. हिस्केने भोंगा वाजवला. घंटा झाली, पूल वर उठला. पाण्यावर पांढऱ्या, ताज्या ढलप्या तरंगत होत्या. वर कुणीतरी लाकूड तासतंय, असं निंके म्हणाली. हिस्केचं लक्ष नव्हतं. नाव पुलात मधोमध आली, तशी तिने काठाच्या कडीत दोर ओवला आणि आवळून बांधला. येल्टेने काही न विचारता इंजिन बंद केलं.

पुलाच्या दोन्ही अंगांना सायकली साचल्या. फुलं घेऊन निघालेली एक बाई म्हणाली, पोचेपर्यंत ही माना टाकणार. एकाने विचारलं, नाव बिघडली की लग्न? मागून कुणी सांगितलं, सीब्रनची पोरगी आहे ती, सायकली लावा आणि डबे उघडा. सगळे हसले. हिस्के जागची हलली नाही.

सीब्रन काठी घेऊन कठड्याशी आले. दोरी सुटली. बूट खाली येऊन निंकेच्या पायांपाशी डोलत राहिला. नजर दोरीवर.

“बाबा,” हिस्के म्हणाली, “आज पैसे नाहीत. आज तुम्ही तुमच्या नातीकडे बघायचं. त्याशिवाय हा दोर सुटणार नाही.”

म्हाताऱ्याने मान वळवली नाही. पण बूटही वर गेला नाही.

मग हिस्केच्या ध्यानात आलं. हा नेहमीचा, रंग उडालेला, मोठ्या माणसाचा निळा बूट नव्हता. हा नवाकोरा होता, पांढऱ्या लाकडाचा. चाकूच्या खुणा अजून ताज्या होत्या. आणि इवलासा. निंकेने तो दोन्ही हातांनी धरला, उलटासुलटा केला आणि आपलाच असल्याच्या थाटात फळीवर ठेवून पाय आत घातला. टाच आपटून पाहिली.

“बसला का?” सीब्रननी विचारलं. त्यांनी ते दोरीलाच विचारलं.

हिस्केने मान डोलावली. त्यांना ते दिसायचं नाही, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

“बसला,” निंकेने वर सांगितलं. “दुसरा कुठाय?”

“घरी,” म्हातारा म्हणाला. “जमिनीवर.”

निंकेने पायाकडे पाहिलं. मग दोरीवरून हळूहळू वर, पार म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापर्यंत. मग ती आईकडे वळली.

“आई, आजोबा तर माझ्याकडे कधी बघतच नाहीत ना? मग माझ्या पायाचं माप त्यांना कसं कळलं?”