ताट लख्ख

सुनेनं भाताचा डोंगर वाढला, त्यावर भाजी ओतली आणि ताट सासूबाईंसमोर सरकवलं. स्वतः समोरच्या खुर्चीत बसली. तिच्यापुढे वाटीभर पातळ भात, बस्स.

"अगं, एवढं कुठं जाणार मला?"

"ताटात टाकायचं नाही, आई. संपल्याशिवाय उठायचं नाही. नियम तुमचाच."

सासूबाईंनी जन्मभर वसतिगृहाची खानावळ चालवलेली. ताट लख्ख झाल्याशिवाय पोरांना टेबलावरून हलू द्यायच्या नाहीत. घरात सुनेलाही तोच कायदा. जेवलं की तिच्या पोटात कळ उठायची. डोळ्यांत पाणी आणून ती घास ढकलायची, आणि ही बाई शेजारी खुर्ची टाकून पहारा द्यायची. "नाटकं पुरेत. गिळ मुकाट्यानं."

कसली नाटकं, कपाळ! सुनेचं शरीर स्वतःच्याच रक्तावर उलटलं होतं, नसांमध्ये गुठळ्या धरत होत्या. आतड्याकडे रक्त नेणारी वाट तुंबत चाललेली. जेवलं की आतड्याला जास्त रक्त लागतं. ते मिळेना, म्हणून दुखायचं. शेवटी एका दुपारी ती याच टेबलावर कोसळली. हातभर आतडं काळं पडलेलं निघालं, ते कापून टाकावं लागलं. आता पोटाला पिशवी लावलेली होती. आज दवाखान्यातून आल्यावरचं पहिलंच जेवण.

सासूबाईंनी निम्मं ताट कसंबसं संपवलं आणि तांब्याकडे हात नेला.

"पाणी जेवण झाल्यावर," सून म्हणाली.

"जाऊ दे ना आता," शेजारी जेवायला बसलेला नवरा पुटपुटला. "आईला तरी काय माहीत होतं?"

"तुम्ही गप्प बसा. तेव्हा बसायचात तसेच."

सासूबाईंच्या कपाळावर घाम आला होता. घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. सुनेला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

"आणि माझ्या पोटात काही टिकत नाही, असं गल्लीभर सांगत फिरलात ना? डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाळं गेली तीही याच गुठळ्यांमुळे."

सासूबाईंनी मान वर केली नाही. शेवटचं शीत बोटानं टिपून तोंडात घातलं.

"झालं समाधान तुझं?" टेबलाला हात टेकून त्या उठू लागल्या.

"बसा, आई." सुनेनं पुन्हा डाव उचलला. "मला दिवस गेले की दुप्पट वाढायचात. दोन जिवांची आहेस म्हणायचात."

तिनं लख्ख ताटात एक डाव भात घातला.

"हा थोरल्याचा."

मग दुसरा, काठोकाठ भरून.

"हा धाकटीचा. जेवा."