पोचलीस की सांग

मुलांनो, पेणच्या एसटी स्टँडवरचा पिवळा फोन डोळ्यांसमोर आणा. तसलाच दुसरा रोह्याच्या स्टँडवर. इकडचा उचलला की तिकडचा वाजे. अनोळखी माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून कुणीतरी मांडलेली गंमत. पेणचे म्हातारे हैबतराव रोज इकडचा उचलायचे. रोह्याला मात्र कुणीच उचलत नसे. “आजोबा, कुणाला लावताय?” रोह्याच्या गाडीसाठी थांबलेल्या मुलीने विचारलं. “जो उचलील त्याला.” “आणि नाहीच उचलला तर?” “मंग उद्या हाय की.” गाडी लागली. मुलगी आईबरोबर चढली, तसं हैबतरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “पोचलीस की सांग गो!” बायको गेल्यापासून हे सांगावं असं कुणी उरलं नव्हतं. ते ओशाळले, पण फोनजवळच्या बाकावर बसून राहिले. आता वडखळ, आता नागोठणं, असं मनाशी म्हणत राहिले. दीड तासाने पिवळा फोन पहिल्यांदाच वाजला. “आजोबा, मी पोचले! आईसुद्धा पोचली.”