दुष्काळात तगलेलं

वहिनीच्या तान्ह्या बाळाच्या जिभेवर पुन्हा पांढरा थर आला आणि त्यानं दूध सोडलं. मागच्या खेपेला जांभळ्या औषधानं थर गेल्यासारखा दिसला, तसं आत्तीनं औषध थांबवलं आणि उरलेली बाटली कोनाड्यात जपून ठेवली. बहात्तरचा दुष्काळ काढलेल्या घरातली माणसं आम्ही, कुठलीच वस्तू तळापर्यंत संपवत नाही! पण आता त्याच बाटलीतलं औषध लावून काही होईना. आटपाडीचे डॉक्टर म्हणाले, "ही यीस्ट जातीची बुरशी. आता ती या औषधाला बधत नाही." त्यांनी दुसरे थेंब दिले आणि बाटली संपेपर्यंत सोडायचे नाहीत, असं बजावलं.

दोन-तीन दिवसांत जीभ गुलाबी झाली, बाळ दूध प्यायला लागलं. आत्तीनं लगेच बाटलीला बूच लावलं आणि ती कोनाड्याकडं निघाली.

"आत्ती, थांब!" मी नववीत, शास्त्रात वर्गात पहिली, आज मला कोण गप्प बसवणार? "शाळूचं बियाणं कुठल्या ताटाचं धरतीस गं?"

"येडे, दुष्काळात जे तगलं त्येच्या कणसाचं. लेचंपेचं कोण धरतंय?"

"मग मागं औषध अर्ध्यावर सोडलं, तवा बाळाच्या तोंडात कुठली बुरशी तगली असंल?"

आत्ती बाळाकडं बघत राहिली. मग तिनं बूच काढलं.

"धर त्येचं त्वांड, अंजे. बियाण्याला कायबी ठिवायचं न्हाई."