चौकातला वाघ

ग्रंथालयाच्या अध्यक्षांनी एक पिवळा पडलेला फोटो माझ्यासमोर ठेवला. बंदूक घेतलेले त्यांचे आजोबा आणि पायाशी मेलेलं पट्टेरी जनावर.

“देवस्थळी, स्मरणिकेत याच्याखाली छापा, ‘नरभक्षक वाघाची शिकार’.”

मी भिंग लावलं. मानेवर आयाळ, मागचे पाय आखूड. माझं नेहमी चुकतं, म्हणून तीन पुस्तकंही उघडून पाहिली.

“नानासाहेब, हे तरस आहे.”

“तरस मारलं म्हणून कुणी आजोबांचं नाव गावच्या चौकाला देतं का? वाघच छापा, नाहीतर उद्यापासून ग्रंथपाल दुसरा.”

मी पेनाचं टोपण काढलं. फोटोखालच्या पांढऱ्या पट्टीवर शाईने लिहिलं, ‘तरस’.

“खोडा ते.”

मी पेनाला टोपण लावलं आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या त्यांच्यापुढे सरकवल्या.