दोघांनी बसायचा बाक

"थांबा! हात लावू नका त्याला!" मुलगा दारातूनच ओरडला.

सुताराची हातोडी जागच्या जागी थांबली. व्हरांड्यात बाक उताणा पडला होता, चारही पाय वर. फार आत लावलेले पाय काढून टोकांजवळ लावायचे, एवढंच काम होतं. नव्या जागांवर पेन्सिलीच्या खुणाही झाल्या होत्या. आई चौकटीला टेकून शांतपणे बघत होती.

"तू सांगितलंस यांना?"

"मीच सांगितलं. आता एकटी असते मी. रोज उठून आपटू का?"

"दुसरा बाक आणून देतो, खुर्ची देतो, हवं ते देतो. पण हा नाही!"

त्याचं चिडणं अगदीच अनाठायी नव्हतं. सुतार असलेल्या बाबांनी केलेला हा बाक म्हणजे त्या घरातला सगळ्यात जुना विनोद. पाय इतके आत, की कुणी एका टोकाला बसलं की दुसरं टोक वर आणि बसणारा खाली. त्यावर दोघांनी एकदम बसायचं आणि उठताना "उठू का?" असं विचारायचं, हा घरचा कायदा होता. आईबाबांनी अबोला धरला, तरी संध्याकाळी बाकावरून उठताना कुणाला तरी तोंड उघडावंच लागे. मुलाच्या अंगात ही सवय इतकी मुरली होती, की पहिल्या नोकरीत साहेबांच्या शेजारून उठतानाही त्यानं "उठू का?" विचारलं होतं. साहेबांना वाटलं, पोरगा फारच नम्र आहे.

पुढे बाबांच्या हातून एक वस्तू सरळ म्हणून बाहेर पडली नाही. कपाटाचा खालचा खण ओढला, की वरचा जीभ दाखवावी तसा पुढे येई. दाराची मूठ म्हणजे लाकडी पंजा. घरात शिरायचं तर आधी दाराशी हात मिळवायचा. साखरेच्या डब्याच्या झाकणावर लाकडाचीच मुंगी होती. पाहुणे तिच्यावर फुंकर मारमारून दमत. न्हाव्याच्या दुकानासाठी त्यांनी उलट्या आकड्यांचं, उलटं फिरणारं घड्याळ केलं. गिऱ्हाइकाला आरशात वेळ बरोबर दिसे आणि रस्त्यावरून पाहणारा मात्र चक्रावून जाई. नवी वस्तू तयार झाली, की बाबा ती आधी आईपुढे ठेवत आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहत. ती हसली, की मगच त्यांचा जीव भांड्यात पडे.

मुलगा आता मोठ्या शहरात, वस्तू कशा घडवाव्यात हे शिकवत होता. दर वर्षी पहिला तास तो या बाकापासून सुरू करी. "माझ्या वडिलांनी लग्नानंतर केलेली ही पहिली वस्तू. आता एकट्यानं काही करायचं नाही, हे त्यांनी बायकोला लाकडातून सांगितलं." पोरं ते वहीत लिहून घेत.

"दादा, करू की नको?" सुतारानं विचारलं. "मला अजून एका घरी जायचंय."

"आई, बाबांची पहिली गंमत आहे ही. तीच मोडायला निघालीस?"

आई बाकापाशी येऊन खाली बसली. तिनं फळीवरून हात फिरवला.

"गंमत कसली? चूक होती ती."

"चूक?"

"तोवर यांनी मालकाच्या दुकानात नुसती स्टुलं केली होती. हाताला तेच माप बसलेलं. फळी घेतली बाकाची आणि पाय लावले स्टुलाच्या अंतरावर! तुझे आजोबा पहिल्यांदाच आमच्या घरी आले होते. माझे वडील म्हणजे तुला माहीतच आहे. या सुताराला मुलगी देऊन फसलो, असं चार लोकांत म्हणायचे. जावयानं केलेल्या बाकावर ऐटीत बसले आणि चहासकट आडवे! तुझ्या बाबांचा चेहरा असा पडला रे, की आता हे पुन्हा हत्यार हातात धरणार नाहीत, असं वाटलं मला."

"मग?"

"मग काय! मी टाळ्या पिटून हसले. म्हटलं, हरलात! यावर एकट्यानं बसायचंच नसतं. मुद्दाम केलाय यांनी तसा, माझा नवरा आहेच असा गमत्या. आजोबांनी यांच्याकडे पाहिलं. हेही हसले, घाम पुसत. आजोबा कपडे झटकत म्हणाले, जावई डोकेबाज दिसतोय!"

इतक्या वर्षांचे पहिले तास मुलाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक कोसळले. तोही खाली बसला.

"जायच्या आधी तुझे बाबा म्हणाले, तेवढे पाय बाहेर घ्यायचे राहूनच गेले बघ. तू एकटी बसशील आणि पडशील. नीट करून घेईन, असा शब्द दिलाय मी त्यांना."

मुलानं स्वतःच बाकाचं एक टोक घट्ट धरलं आणि सुताराला मान हलवून खूण केली. पहिला पाय सुटून हातात आला. तेव्हा कुठे त्याला विचारायचा धीर झाला.

"म्हणजे ते कपाट, ती मुंगी, ते घड्याळ... तेही सगळं चुकलेलंच होतं?"

"छे रे! ते सगळं रात्रंदिवस डोकं खाजवून मुद्दाम केलेलं." आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच ती हसली. "माझी ती एक थाप खरी करायला त्यांनी सगळा जन्म लावला."